जिथे एकाची हद्द संपते

वाशी-सानपाड्यात आज पाणी तुंबेल का, हे नुसतं आभाळ बघून सांगता येत नाही, पंचांगही जवळ लागतं. कोळीवाड्यातला हिशेब साधा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे उधाण ठरलेलं. छापील तक्त्यातली वेळ अपोलो बंदरची असते, खाडीत आत ठाण्याच्या बाजूला पाणी थोडं उशिरा चढतं. तक्त्यात साडेचार मीटरच्या पुढचा आकडा असेल आणि त्याच दुपारी हवामान खात्याचा केशरी किंवा लाल इशारा असेल, तर महापालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षातल्या माणसाने डबा लवकर खाऊन घ्यावा.

नवी मुंबईचा बराच भाग भराव घातलेल्या सखल जमिनीवर आहे, काही ठिकाणी मोठ्या भरतीच्या पातळीखाली. म्हणून सिडकोने आखणीतच धारण तलाव ठेवले, ज्यांना सगळे होल्डिंग पाँड म्हणतात. नाल्यांचं पाणी आधी तलावात आणि तिथून खाडीत जातं. तोंडाशी बिजागरीवर टांगलेली जड झडप असते, तिला फ्लॅप गेट म्हणतात. खाडी चढली की बाहेरच्या दाबाने ती मिटते, ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. तिला वीज लागत नाही की माणूस लागत नाही. मोठ्या भरतीच्या आधी दोन-तीन तास आणि नंतर तेवढेच, असे चार ते सहा तास शहराचं सगळं पाणी तलावात थांबतं.

आता आकडेमोड. एक चौरस किलोमीटरवर ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला, तर ५० हजार घनमीटर, म्हणजे ५ कोटी लिटर पाणी होतं. तासाला १,००० घनमीटर उपसणारा पंप लावला तरी एवढं पाणी काढायला ५० तास लागतील, आणि भरती तर सहा तासांत उतरते. म्हणजे खरं काम तलावाचं, पंप फक्त मदतीला. दहा हेक्टरच्या तलावात एक मीटर गाळ साचला की एक लाख घनमीटर जागा गेली. वरच्या हिशेबाने दोन चौरस किलोमीटरचं पाणी रस्त्यावर. गाळ काढायचा तर तलावात कांदळवन उगवलेलं असतं आणि कांदळवनाला हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. ती अट चुकीची आहे असं मला वाटत नाही. पण परवानगीचा अर्ज मे महिन्यात आठवत असेल तर दोष कांदळवनाचा कसा?

एवढी मोठी यंत्रणा बिघडते कशाने? झडपेत अडकलेल्या थर्मोकोलच्या तुकड्याने, गादीने, नाहीतर नारळांच्या गोणीने. फट चार बोटांची राहिली तरी भरतीचं पाणी उलटं आत येतं आणि पाऊस नसतानाही तलाव भरतो. ही गोणी काढायला दोन माणसं, एक आकडा, एक दोर आणि ओहोटीची वेळ एवढंच लागतं. अडचण वेगळीच असते. झडप एका संस्थेने बांधलेली, तलाव दुसरीकडे हस्तांतरित, नाल्याची सफाई तिसऱ्या ठेकेदाराकडे आणि खाडीचा काठ वन विभागाकडे. गोणी मात्र कोणाचीच नाही.

आपत्ती व्यवस्थापनाबद्दल लिहिताना लोक दिल्लीपासून सुरुवात करतात. मी मुद्दाम गोणीपासून केली. आपल्याकडे कायदा आहे, दल आहे, निधी आहे, इशाराही बऱ्यापैकी वेळेवर येतो. गळती होते ती सांध्यात, जिथे एकाची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते.

ठाणे जिल्हा हा तर सांध्यांचाच जिल्हा. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावरही सात तालुके, सहा महापालिका, दोन नगरपरिषदा, दोन नगरपंचायती. नवी मुंबईची गंमत आणखी निराळी. बेलापूर संपून खारघर लागलं की जिल्हा बदलतो. अलीकडचा जिल्हाधिकारी ठाण्यात, पलीकडचा अलिबागला. महापालिका बदलते, १०७७ या जिल्हा आपत्ती कक्षाच्या क्रमांकावर फोन लावला तर उचलणारा कक्ष बदलतो. पोलीस आयुक्तालय तेवढं दोन्हीकडे एकच. दोन्ही जिल्हे ज्यांच्याखाली येतात त्या कोकण विभागीय आयुक्तांचं कार्यालय, कोकण भवन, अगदी या सीमेजवळ बेलापुरात आहे. सायन-पनवेल महामार्गावर रसायनाचा टँकर उलटला तर पहिली दहा मिनिटं तो नेमका कुठल्या बाजूला उलटला हे ठरवण्यात जाऊ शकतात. उपाय स्वस्त आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन किलोमीटरपुरतं आधीच लिहून ठेवायचं: ज्याची गाडी आधी पोचेल त्याचा अधिकारी घटनास्थळाचा प्रमुख, दुसऱ्याने मागणीची वाट न बघता गाडी काढायची, हद्दीचं नंतर बघू.

कायद्याचा सांगाडा थोडक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर महाराष्ट्राने राज्याचा आणि जिल्ह्यांचा आपत्ती आराखडा बनवला, तेव्हा देशात यासाठी कायदा नव्हता. भूजचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी झाल्यावर आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आला. वर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय प्राधिकरण, मग मुख्यमंत्र्यांचं राज्य प्राधिकरण, मग जिल्हाधिकाऱ्यांचं जिल्हा प्राधिकरण. रेघ जिल्ह्याशी येऊन थांबत होती आणि पाणी मात्र प्रभागात तुंबत होतं. २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली: आयुक्त अध्यक्ष, जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. ठाण्यासारख्या जिल्ह्यात याचा अर्थ सहा अध्यक्ष आणि सहाही ठिकाणी तोच एक उपाध्यक्ष. आयुक्तांना अधिकार मिळाले ते बरंच झालं. पण सहाही शहरांत एकाच रात्री पाणी भरलं तर चार बोटी कोणाला द्यायच्या, हे त्या उपाध्यक्षाने जूनच्या आधी लिहून ठेवलेलं बरं.

अधिकार कमी नाहीत. कलम ६५ खाली खाजगी बस, पोकलेन, मंगल कार्यालय ताब्यात घेता येतं. कलम ५० खाली तातडीची खरेदी निविदेशिवाय करता येते. तरीही रात्री दोन वाजता क्रेन मिळत नाही, कारण क्रेनवाल्याला मागच्या वेळचं बिल मिळालेलं नसतं. दर आधीच ठरलेले आणि मागची बिलं चुकती, एवढी तयारी कलमापेक्षा जास्त कामाला येते.

साधनसामग्रीच्या याद्या हा माझा दुखरा विषय. देशपातळीवर इंडिया डिझास्टर रिसोर्स नेटवर्क नावाची ऑनलाइन यादी आहे, जिल्ह्यांनी ती भरायची असते. यादीत लिहिलेलं असतं: "बोटी – ८." हा आकडा खरा असूनही निरुपयोगी असतो. विचारायचं ते असं. रबरी की फायबरची? रबरी असेल तर हवा भरून रात्रभर ठेवल्यावर सकाळी किती राहते? इंजिन किती अश्वशक्तीचं, शेवटचं कधी सुरू केलं? पेट्रोल कुठून, रात्री पंप बंद असेल तर? ओढून न्यायला ट्रेलर आहे का, तो कुठल्या गाडीला लागतो? चालवणाऱ्याचा नंबर, आणि तो गणपतीत गावाला गेला तर दुसऱ्याचा? प्रत्येक बोटीमागे लाइफ जॅकेट किती? या प्रश्नांनंतर आठाच्या तीन होतात. हरकत नाही, तीनच लिहा. आणखी एक गोष्ट: ठाण्यातल्या दिवा भागासारख्या दाट वस्तीत गल्लीतल्या छातीभर पाण्यात इंजिनाची बोट फारशी चालत नाही. पंख्यात प्लास्टिक नि वायरी गुंडाळल्या जातात. तिथे वल्हं, दोर आणि हवा भरलेली ट्रकची ट्यूब जास्त उपयोगी.

नियंत्रण कक्षातली नोंदवही हातात घेऊन बघा. रकाने असतात: अनुक्रमांक, वेळ, तक्रारदार, ठिकाण, तक्रार, "कोणास कळविले". शेवटचा रकाना बहुधा भरलेला असतो आणि घोळ त्यातच आहे. कळवलं म्हणजे काय? ग्रुपवर टाकलं. ग्रुपवर ९० जण, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. वहीत अजून तीन रकाने हवेत: कोणी स्वीकारलं त्याचं नाव, घटनास्थळी पोचल्याची वेळ, काम संपल्याची वेळ. पंधरा मिनिटांत स्वीकारल्याचं नाव आलं नाही तर कक्षाने पुन्हा फोन करायचा, अर्ध्या तासात वरच्या अधिकाऱ्याला. सकाळी आठची पाळी बदलतानाचा क्षण सगळ्यांत धोक्याचा. रात्रीचा माणूस सही करून लोकल पकडायला पळतो आणि पावणेआठचा फोन दोन्ही पाळ्यांच्या मध्ये पडतो. बंद न झालेल्या नोंदी लाल पेनाने नव्या पानावर उतरवल्याशिवाय सही करू द्यायची नाही. बिनतारी संच सकाळ-संध्याकाळ एकदा बोलून तपासायचा, कारण वीज गेल्यावर मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासच टिकते.

वीज म्हटल्यावर आठवलं. पावसाळ्यात ठाण्यात झाड पडल्याचे फोन सतत येतात. झाड कापायला अग्निशमन दलाची करवत दहा मिनिटांत पोचते आणि तारेत फांदी अडकली असेल तर माणसं खाली उभी राहतात, कारण फीडर, म्हणजे त्या भागाला वीज देणारी वाहिनी, बंद झाल्याची खात्री मिळालेली नसते. शहरात महावितरण, कळवा-मुंब्रा-दिव्यात फ्रँचायझी कंपनी. एकाच महापालिकेत दोन वीजवाले. "लाइट गेलेत, म्हणजे तार मेली" हे समजणं जीवघेणं ठरतं. सोसायटीच्या जनरेटरमधून उलटा प्रवाह येऊ शकतो. फीडर बंद केल्याचा निरोप नाव आणि वेळेसकट मिळाल्याशिवाय करवत चालू करायची नाही.

एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, तुकडी मागवायची रीत तशी सरळ: प्रभाग, महापालिका, जिल्हा, मग मंत्रालयातला राज्याचा कक्ष, १०७०. आपल्याकडची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबरे इथे आहे, म्हणजे शंभरेक किलोमीटर आणि मध्ये बोरघाट, जिथे त्याच पावसात दरड आलेली असू शकते. म्हणून पावसाळ्यात तुकड्या आधीच आणून ठेवतात. एका तुकडीत साधारण ४५ जण. त्यांना झोपायला शाळेचा हॉल, ट्रक उभे करायला पक्की जागा, जेवण, बोटीला पेट्रोल आणि गल्लीबोळ माहीत असलेला एक स्थानिक माणूस लागतो. हा शेवटचा माणूस नेमायचा राहतो. मग प्रशिक्षित ४५ जण नाक्यावर उभे आणि पत्ता विचारतायत. आपदा मित्र योजनेत बारा दिवसांचं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक आहेत. त्यांना मिरवणुकीच्या बंदोबस्तात उभं करण्यापेक्षा प्रत्येक तुकडीबरोबर दोघे द्यावेत.

सांधा नीट जुळला की काय होतं याचं आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. आत हजाराहून जास्त प्रवासी. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल, रेल्वे, जिल्हा प्रशासन आणि आसपासचे गावकरी असे सगळे उतरले आणि सगळे प्रवासी सुखरूप निघाले. आत बसून राहा, ही सूचना प्रवाशांपर्यंत पोचली हे त्यातलं फार मोठं काम. खाली उतरलेला माणूस शोधणं डब्यातल्या माणसापेक्षा कितीतरी कठीण. यात एक बारीक गोष्ट इतर घटनांसाठीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रेल्वेचा पत्ता किलोमीटरच्या खांबात असतो, महसूलचा गावाच्या नावात, हेलिकॉप्टरचा अक्षांश-रेखांशात. तिन्ही एका ओळीत लिहिलेला तक्ता भिंतीवर लावायला फार तर एक दुपार लागते. बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर धरतात. त्या तक्त्यात या दोन आकड्यांपुढे "कोण काय बंद करणार" हेही लिहायला हवं: कुठला रस्ता, कुठला पूल, कुठली गाडी थांबवायची.

रसायनांचं प्रकरण वेगळं आहे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याला पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला घणसोली-कोपरखैरणेची वस्ती. पावसाळ्यात आणि दुपारी वारा खाडीकडून डोंगराकडे जातो. हिवाळ्यात रात्री-पहाटे उलट, डोंगराकडून वस्तीवर. म्हणून गळती कारखान्याबाहेर पसरली तर काय करायचं या आराखड्याला दोन नकाशे हवेत आणि बहुतेकदा एकच असतो. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे कारखान्याच्या आतला आराखडा मालकाने करायचा, बाहेरचा जिल्हाधिकाऱ्यांनी. रासायनिक अपघातांसाठी १९९६ च्या नियमांनी नेमलेल्या जिल्हा संकट गटाने दर ४५ दिवसांनी आणि स्थानिक गटाने दर महिन्याला बसायचं असतं. रंगीत तालीम सकाळी अकराला, पाहुणे आल्यावर, सगळा कर्मचारीवर्ग हजर असताना होते. ती रात्री अडीचला घेऊन बघा. सायरन झाला तर पहारेकऱ्याला गेटाची चावी सापडते का, तिथून सुरुवात.

टँकरवरच्या केशरी पाटीचा खालचा आकडा वाचता यायला हवा: १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन, १०७५ एलपीजी. नियंत्रण कक्षाला फोन करताना "काहीतरी वास येतोय" यापेक्षा हे चार आकडे सांगितले तर योग्य गाडी येते. क्लोरीन हवेपेक्षा जड, तळघरात आणि खोलगट जागेत साचतो, म्हणून वरच्या मजल्यावर जायचं आणि खिडक्या बंद. अमोनिया तसा हलका, पण थंड गळतीचं धुकं जमिनीलगत पसरतं. धुक्यावर पाण्याचा फवारा मारला तर ते विरतं. सांडलेल्या द्रव अमोनियावर मात्र पाणी मारू नये, वाफ वाढते. क्लोरीन गळतो त्या भोकावरही नको, आम्ल तयार होऊन भोक मोठं होतं. पळायचं ते वाऱ्याच्या दिशेने नाही आणि वाऱ्याला सामोरं ढगातूनही नाही, आडवं.

इमारती. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला लकी कंपाऊंडमध्ये बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली, ७४ जण गेले. पालिका दर वर्षी याद्या काढते: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी माणसं राहत असताना दुरुस्त करायची, सी-३ किरकोळ. तीस वर्षांवरच्या इमारतीला संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. नोटीस लागते आणि लोक हलत नाहीत, कारण भाडेकरूला वाटतं एकदा बाहेर पडलो की हक्क गेला. घर रिकामं करून घेण्याआधी कोणाची किती चौरस फूट जागा होती याचं मोजमाप करून सही-शिक्क्याचा कागद हातात दिला, तर दाराला पोलीस लावायची वेळ कमी येते.

कोसळल्यावर आधी गॅस आणि वीज बंद, मग गर्दी दोरीपलीकडे, मग यादी. रेशनकार्ड किंवा मतदार यादी पुरत नाही, पोटभाडेकरू तिच्यात नसतात. दूधवाला आणि पेपरवाला जास्त सांगतो. रुग्णवाहिका एकेरी रांगेत, तोंड बाहेरच्या दिशेला करून उभ्या करायच्या, नाहीतर पहिलीच अडकते. दर अर्ध्या तासाने सगळी यंत्रं बंद करून दोन मिनिटं शांतता: हाक मारायची, ऐकायचं. स्लॅब जॅकने थोडा उचलला की लगेच खाली लाकडी ठोकळा, मग पुन्हा थोडा. ठोकळे न लावता उचललेला स्लॅब घसरतो. मोठा जेसीबी लवकर आत घेणं ही नेहमीची चूक, त्याच्या धक्क्याने आतल्या पोकळ्या मिटतात.

पैशांचा सांधाही असाच. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. मृत्यूला ४ लाखांची मदत, शेतीला ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर. पण केंद्राच्या यादीत इमारत कोसळणं ही आपत्तीच नाही. वीज पडणंही त्या यादीत नव्हतं, निधीतले दहा टक्क्यांपर्यंत पैसे राज्याला स्थानिक आपत्तींवर खर्च करता येतात, त्या मर्यादेतून राज्याने ते घेतलं. शहापूर-मुरबाडच्या माणसाला याने फरक पडतो. पंचनाम्याआधी चिखल साफ केला म्हणून मदत अडली, असं ऐकू येतं. घर धुण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा फोटो काढा, शेजारी उभ्या माणसासकट, म्हणजे उंची कळते, आणि तलाठ्याला त्याच दिवशी पाठवा.

ऑक्टोबरमध्ये आढावा बैठक होते आणि इतिवृत्तात हमखास एक वाक्य येतं: "सर्व संबंधित यंत्रणांनी परस्पर समन्वय ठेवावा." या वाक्याने एकही झडप उघडत नाही. त्याच्या जागी असं लिहिता येतं: धारण तलाव क्रमांक अमुकची झडप, पाहणी दर अमावास्या-पौर्णिमेच्या आधीच्या ओहोटीला, जबाबदार कनिष्ठ अभियंता अमुक, तो रजेवर असल्यास तमुक, आकडा आणि दोर पंपघराच्या खोलीत, चावी पहारेकऱ्याकडे, पाहणीचा फोटो दुपारी चारपर्यंत कक्षाला.